तिसरा पिस्टन

कोट आबांचा. लाल, खांद्यांवर सोनेरी झालर.
शनिवार पेठेतल्या शिंप्यानं तो माझ्या मापाचा केला
आणि उरलेलं कापड पुडीत बांधून हातात दिलं.
"टाकू नको," म्हणाला, "तुझ्या बापाची रुंदी हाय ती."

सुपारी त्यांनीच घेतलेली,
डायरीत त्यांच्या तिरक्या अक्षरात :
साळोखे, गंगावेश, वरात, सात वाजता,
विसार पाचशे एक.
दिवसकार्य होऊन चौथा दिवस.
साळोखे भले माणूस, म्हणाले, विसार राहू दे,
आम्ही दुसरा बँड बघतो.
आई म्हणाली, राहू दे कसा,
तो औषधात गेलाय. वाजवूनच फेडायला पाहिजे.
म्हणून मी.

चौदा होते, नऊ उरलेत.
क्लॅरिनेट शिरोलीच्या फौंड्रीतून पाळी बदलून आला,
नखांत अजून काळी वाळू.
झांजवाला आला, तो आता गुऱ्हाळावर असतो,
त्याच्या शर्टाला काकवीचा वास.
आणि इलाहीचाचा, युफोनियम पोटाशी धरून,
झोपलेलं नातवंड आणावं तसे.

ट्रम्पेट मी आधीच दुरुस्त करून आणला होता.
बावीस वर्षांपूर्वी पापाच्या तिकटीला नवरदेवाचं घोडं बिथरलं,
आबा पडले, ट्रम्पेट त्यांच्या खाली.
तेव्हापासून तिसरा पिस्टन उशिरा बसायचा.
पाठवणीची त्यांची स्वतःची चाल होती, तिच्यात एका जागी
स्वर आधी वरच लागायचा, मग घसरत खाली यायचा,
अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसा.
लहानपणी मला त्याची लाज वाटायची.
लक्ष्मीपुरीत नवी स्प्रिंग, तेल, साफसफाई,
एकशे ऐंशी रुपयांत लाज मिटली.

गंगावेशीत ती चाल मी नीट वाजवली.
एकदम नीट. काचेवरून पाणी जावं तशी.

युफोनियम थांबला.
मग क्लॅरिनेट चाचपडला, ड्रम एक ठोका पुढं गेला,
आणि वरच्या गॅलरीतून, लसूण सोलता सोलता,
एक म्हातारी वाकून विचारती झाली,
"बँड कुणाचा गं?"
"रंगराव आवळे आणि पार्टी."
"न्हाई," ती म्हणाली. "त्येचा असा नसतोय.
त्यो हितं अडखळतोय."

चाचांनी ओठ पुसले. रागावले नाहीत.
"पोरी, त्याला तिथं उशीर व्हायचा ना,
तेवढ्यात आम्ही समदे दम घ्यायचो.
बावीस वर्षं. तू सरळ गेलीस,
आमचा श्वास मागं राहिला."

मी पुन्हा सुरू केलं.
चांगल्या पिस्टनवर बोट मुद्दाम उशिरा टाकणं
सोपं नाही. पहिल्यांदा नक्कल झाली,
नऊवारी नेसून शाळेच्या स्टेजवर म्हातारी व्हावं तशी.
दुसऱ्यांदा फारच उशीर, नवरीचा मामा हसला.
तिसऱ्यांदा मी स्वराचा विचारच केला नाही,
पाठीमागं कान दिला फक्त,
आणि आठ माणसं एकदम श्वास घेताना ऐकली.
बोट तेवढा वेळ थांबलं. मग पडलं.

म्हातारी आत गेली होती तोवर.
तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

साळोख्यांनी उरलेले पैसे दिले, वर शंभर आणि नारळ.
आईनं विसाराचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
ट्रम्पेट पेटीत ठेवताना
तिसरा पिस्टन दाबून पाहिला, लोण्यासारखा खाली गेला,
तसाच ठेवलाय.

डायरीत आबांच्या अक्षरात अजून तीन सुपाऱ्या आहेत.
कसबा बावडा, उचगाव, परत गंगावेश.
तिथं त्यांच्यासारखीच वाजवीन, पैसे त्यांच्या नावावर आलेत.
चौथी मी लिहीन, माझ्या सरळ अक्षरात.
तेव्हा कुठं अडखळायचं
ते तेव्हा बघू.